अर्धं वळण

"ताई, स्वेटर उलटा घातलाय की हो हिला," पाळणाघरातल्या बाई दारातच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. रोज सकाळी पंधरा मुलं ताब्यात घेणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीचं काय कौतुक. त्यांनी लेकीला मांडीवर बसवलं, स्वेटर डोक्यातून सोलल्यासारखा काढला, झटक्यात पालटला, पुन्हा चढवला आणि "चला, आईला टाटा करा" म्हणून दार लावूनही घेतलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. ती मात्र पायरीवरच उभी राहिली. कारण स्वेटर तिने सुलटाच घातला होता. तिला आठवत होतं ते. लेकीचा डावा हात बाहीत अडकला होता, तिने बाहेरून दोन बोटं घालून तो अलगद ओढून घेतला होता, बाहीच्या तोंडाशी मऊ विणीचा काठ लागला होता, शिवण कुठेच लागली नव्हती. लख्ख आठवत होतं. आणि तरी आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, त्या स्वेटरच्या शिवणी बाहेर होत्या, गळ्यामागची पट्टी पतंगाच्या शेपटीसारखी लोंबत होती, आणि त्या अवस्थेत ती लेकीला तीन गल्ल्या कडेवर मिरवत घेऊन आली होती. मग जे आठवत होतं ते कधीचं? कालचं? परवाचं? की कुठल्याच एका दिवसाचं नाही, रोजच्या घालण्यातून आपोआप साचलेलं, सायीसारखं?

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. तिसऱ्या थांब्यापर्यंत तिने स्वतःला रीतसर हसून घेतलं. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायची गोष्ट म्हणून तिची वाक्यंसुद्धा जुळवली. चौथ्या थांब्यापाशी बस वळली आणि त्या वळणावर, कुणी मागून खांद्यावर हात ठेवावा तशी, तिला पत्री आठवली. तिच्या हातातली, चिमट्यात धरलेली, चौकटीच्या नखाएवढ्या खिडकीवर ताणलेली धातूची पत्री. ती आपण सुलटी लावली होती. तिला आठवत होतं. लख्ख.

दुपारी तीनला बैठक होती आणि तिच्या आलेखावर चार महिन्यांचं बीम, म्हणजे केंद्रकांचा झोत सोडणाऱ्या यंत्राचा वेळ, ठरायचं होतं.

तिचं काम काय, हे तिने आईला एकदा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून समजावलं होतं. जगात सापडतात त्याहून जड मूलद्रव्यं बनवायची तर एक हलकं केंद्रक घ्यायचं, खूप वेगाने पळवायचं आणि एका जड केंद्रकावर नेऊन आपटायचं. दोघं एक झाली तर झालं नवं मूलद्रव्य. "आणि नाही झाली तर?" आईने विचारलं. बहुतेक नाहीच होत, ती म्हणाली, लाखातून एखाद्या वेळी होतात. बाकी वेळी नुसतीच फुटतात. पण फुटण्यात दोन तऱ्हा असतात. काही खरंच एक होतात, पुरती मिसळतात, इतकी की आपण कुठून कुठून आलो, कोण जड होतं, कोण हलकं, सगळं विसरतात, आणि मग पुढे कधीतरी फुटतात. ते फुटणं वेगळं. दुसरी चिकटतात, एकमेकांभोवती फिरू लागतात, इकडचं थोडं तिकडे वाहतं, बघणाऱ्याला वाटतं जमलं, आणि अर्धं वळण घेऊन सुटतात. ती काही विसरलेली नसतात. त्यांचे तुकडे बघून कळतं की मूळची कोण होती ती. "म्हणजे तुझ्या धाकट्या मावशीसारखं," आई कणीक मळता मळता म्हणाली. "आठ महिन्यांत परत आली, जाताना होती तशीच. भांडीसुद्धा मोजून परत आणली." तिला हसू आवरेना. पण पुढे व्याख्यानांत, मोठमोठ्या लोकांपुढे उभी राहिल्यावर, तिला ते अर्धं वळण समजावताना हटकून मावशीच दिसायची, हातात ट्रंक घेऊन दारात उभी असलेली, मान जराही न झुकवलेली.

किती वेळ एकत्र होती, हे मोजायला घड्याळ नाही. अब्जांश सेकंदाचा अब्जांश, आणि त्याचाही शंभरावा भाग. एवढ्या वेळाला घड्याळ कुठून आणणार. पण ती जोडी फिरत असते ना. मग तुकडे कुठल्या दिशेला उडाले ते बघायचं. थोडं फिरून सुटली असतील तर इकडे उडतील, जास्त फिरली असतील तर पलीकडे. दिशेवरून वेळ. हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि वर्गातल्या मागच्या बाकावर तिच्या अंगावर काटा आला होता. आजही, बाळंतपण होऊन, अकरा महिन्यांच्या तुटक झोपेनंतर, दोन्ही खांद्यांवर दुधाचे डाग वागवत फिरत असताना, जगात तिला खात्रीने जमणारी गोष्ट कुठली असं कुणी विचारलं असतं तर तिने हीच सांगितली असती. मी तुकड्यांवरून सांगू शकते की जोडी किती वेळ टिकली. बाकी लेकीला आज ताप आहे की नुसतंच दात येतायत, सासूबाई फोनवर "बरं, बरं" म्हणाल्या त्यात राग होता की नाही, यातलं तिला काही खात्रीने सांगता येत नसे. यामुळेच असेल, हा एक तुकडा तिने जिवापाड जपला होता.

आणि पत्री उलटी असेल तर तोच गेला. कारण पत्रीतला तो धातू, ज्याच्या केंद्रकांवर आपटायचं असतं, इतका पातळ असतो की एकटा उभा राहत नाही. त्याच्या पाठीला कार्बनचा पापुद्रा लागतो. लावताना धातू बीमच्या तोंडासमोर आणि कार्बन मागे, असं लावायचं. उलटं लावलं तर बीम आधी कार्बनमध्ये शिरतं, तिथे थोडं दमतं आणि मग धातूवर पोचतं. म्हणजे आपण लिहून ठेवतो एक ऊर्जा आणि आपटते ती त्याहून कमी ऊर्जेने. फरक थोडाच. पण जिथे जोडी जेमतेम चिकटते की चिकटत नाही, तिथे तो थोडा फरकच सगळं असतो.

टार्गेट, म्हणजे या पत्र्या, बनवणारे काका प्रयोगशाळेच्या तळघरात बसायचे. हातमोजे जडवलेल्या काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून, समोर बघत, ते दिवसभर श्वास लागला तरी फाटेल असलं काम करत. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. बोलायचं ते पेटीकडे बघून.

"काका, एक विचारू?"

"विचार की. हात अडकलेत, कान मोकळेच आहेत."

"चौकटीवर तुम्ही निळा ठिपका देता, जो बघून मी पत्री लावते, तो धातूच्या अंगाला ना?"

काकांचे हात पेटीत थांबले. "द्यायचो."

"म्हणजे?"

"आता पाठीला देतो. धातूच्या बाजूला शाई लागली की कडेने पापुद्रा उचलला जायला लागला. म्हणून बदललं. अगं, फळ्यावर चिठ्ठी लावली होती मी. महिनाभर होती. सगळ्यांच्या सह्या घेतल्या." मग त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "तू नव्हतीस नाही का तेव्हा. तुझं बाळ झालं होतं."

चिठ्ठी फळ्यावर लागली होती तेव्हा ती घरी, पडदे ओढलेल्या खोलीत, वीस दिवसांच्या लेकीचा श्वास मोजत बसली होती. तेव्हा ती सगळंच मोजायची. एका मिनिटात किती श्वास, दिवसात किती लंगोट, डाव्या बाजूला किती मिनिटं, उजव्या बाजूला किती. नवरा पुलांचे नकाशे काढणारा, मोजमापाचाच माणूस, पण तोसुद्धा एकदा म्हणाला, "अगं, तिला थोडं न मोजता वाढू दे." तिने ऐकलं नाही. मोजलं की छातीतला गोळा जरा खाली उतरायचा. त्या खोलीत जगातली कुठलीच बातमी येत नव्हती, मग तळघरातल्या ठिपक्याची कशी येणार.

"माझ्या प्रयोगाच्या त्या दिवशी दोन पत्र्या होत्या," ती म्हणाली. "दोन्ही नव्या पद्धतीच्या होत्या?"

"एक जुन्यातली शिल्लक होती बहुतेक. आणि एक नवी. दिल्या एकाच डबीत. आता कुठली पहिली लावलीस ते मला काय ठाऊक."

"तुम्हाला काही आठवतं?"

"आठवतं की. मला तर असंही आठवतं की मी तुला स्वतः सांगितलं होतं. जिन्यात. तू हो म्हणालीस." काका हसले. "पण माझ्या आठवणीवर जाऊ नकोस पोरी. परवा मी बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, एक महिना आधी. ती म्हणाली, बरं झालं, पुढच्या महिन्यात विसरायला तुम्ही मोकळे."

जिन्यात कुणी काही सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. जिना आठवत होता. वर चढताना कठड्याचा गारवा हाताला लागला, आणि आपण घाबरायला पाहिजे तेवढ्या घाबरलो नाही आहोत असं तिच्या लक्षात आलं. छातीत गोळा होता, पण त्याच्या खाली कुठेतरी जमीन लागत होती. घरच्या भीतीला तळ नसायचा. लेक शिंकली तर त्यातून न्यूमोनिया, न्यूमोनियातून हॉस्पिटल, हॉस्पिटलातून पुढे कितीही दूर जाता यायचं, आणि कुठेच "बास, आता कळलं" म्हणून थांबता यायचं नाही. इथे तसं नव्हतं. पत्री सुलटी होती किंवा उलटी होती. आणि ज्या लाखो तुकड्यांनी त्या दिवशी तिच्यातून उडी घेतली होती त्यांना ते माहीत होतं.

तिने त्या दिवसाचं लॉगबुक काढलं. स्वतःचं अक्षर तिला ओळखू आलं नाही. बारीक, तिरपं, घाईचं. दुपारी सव्वाचारच्या नोंदीपाशी ती थांबली. 'पहिली पत्री. मागच्या डिटेक्टरचं घड्याळ पाव नॅनोसेकंद सरकवलं.' एवढंच. कारण लिहिलेलं नव्हतं, पण कारण तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच असतं. दोन तुकडे दोन बाजूंना उडतात, एक पुढच्या डिटेक्टरवर, एक मागच्या. दोघांचे वेग घेऊन बेरीज मांडली की जोडी फुटण्याआधी किती वेगाने चालली होती ते मिळतं, आणि ते अपेक्षित वेगाने भागलं की बरोबर एक यायला हवं. त्या दिवशी ते एकाच्या जरा अलीकडे येत होतं. मागच्या बाजूचे तुकडे केसभर उशिरा पोचत होते. तारा लांब असतात, घड्याळं थोडी इकडेतिकडे होतात, सगळेच सरकवतात. तिनेही सरकवलं आणि एक आलं. मग तिने वेळ बघितली होती. पाळणाघर सहाला बंद होतं आणि उशीर झाला की बाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या दारात लेकीला घेऊन, बूट घालून उभ्या असायच्या. तेवढ्यासाठी तिने बसल्या बसल्या पान उलटलं होतं.

पुढच्या पानावर, पाच वाजता, दुसरी पत्री. तिथे घड्याळ सरकवल्याची नोंद नव्हती. उलट असं लिहिलं होतं: 'घड्याळ पूर्ववत केलं.'

ती ते तीन शब्द बराच वेळ बघत राहिली. तारा त्याच, घड्याळ तेच, मध्ये गेला फक्त पाऊण तास. घड्याळ खरंच चुकत असतं तर दोन्ही पत्र्यांना चुकलं असतं. पहिल्या पत्रीपुरतं चुकून दुसरीला आपोआप सुधारणारं घड्याळ जगात नसतं. म्हणजे घड्याळ नव्हतंच चुकत. पहिल्या वेळी मागे उडणारे तुकडे खरोखरच उशिरा येत होते, कारण त्यांच्या वाटेत काहीतरी होतं. आणि त्यांच्या वाटेत असण्यासारखं तिथे एकच होतं. कार्बन. जो पलीकडच्या अंगाला असायला हवा होता.

तिने सरकवलेलं घड्याळ गणितातून काढून टाकलं, पत्री उलटी आहे असं सांगितलं आणि पुन्हा हिशेब चालवला. पडद्यावर ठिपके पडत राहिले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे नुसतंच शेजारी म्हणत, केळं खात होता. याच चार महिन्यांच्या बीमसाठी त्याच्याही, वेगळ्या केंद्रकांच्या, जोडीचा प्रस्ताव होता आणि तो मागे पडला होता, तिच्या आलेखामुळे. तो वाईट माणूस नव्हता. ती रजेवरून आली तेव्हा "काय, झोपा काढून आलीस ना?" असं त्याने विचारलं होतं, खरोखर चांगल्या मनाने, आणि ती दिवसभर ते वाक्य चावत बसली होती.

"तीनच्या बैठकीला काही नवीन आहे की तेच दाखवणार?" त्याने विचारलं.

"बघते," ती म्हणाली.

बेरीज एक आली. काहीही न सरकवता, न ढकलता, आपल्या पायाने चालत येऊन एक आली. तिला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी, अर्धा श्वास आधी, तिला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावा लागेल. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिला कुठल्यातरी गोष्टीचं शेवटपर्यंत कळलं होतं.

मग वाईट वाटलं. गप्प बसणं किती सोपं आहे हेही तिने नीट बघून घेतलं, कारण न बघता टाळलेली गोष्ट पुन्हा समोर येते हे तिला माहीत होतं. लॉगबुकात पाव नॅनोसेकंदाची नोंद कोण वाचणार होतं? काका कुणाला सांगायला जाणार नव्हते. चार महिने बीम चाललं असतं, नवं मूलद्रव्य दिसलं नसतं, आणि न दिसण्याला शंभर कारणं असतात; न दिसणं हाच या धंद्यातला नेम आहे. पण ते बीम तिच्या बिंदूंवर उभं राहणार होतं. माणसं तीन पाळ्यांत बसणार होती, काका पेटीत हात घालून पत्र्यांमागून पत्र्या करणार होते, आणि सगळे थोड्या चुकीच्या ऊर्जेवर, थोड्या चुकीच्या ठिकाणी, वाट बघत बसणार होते. आपल्याच मुलीला ती उद्या हे कसं समजावेल असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. मुलीचा यात काही संबंध नव्हता. प्रत्येक गोष्ट तिच्याशी नेऊन जोडायची सवय आता बास.

तिने नवऱ्याला फोन केला. "मी पत्री उलटी लावली होती," ती म्हणाली. "त्या दिवशी. आज सांगणार आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग सांग. आणि ऐक, आज लेकीला मी आणतो. तू सावकाश भांड."

"भांडायचं नाहीये."

"सवय म्हणून सांगितलं."

बैठकीत सात जण होते. प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत, कारण पडदा असला तरी ते फळ्यावर खडूनेच बोलायचे आणि चुकलेल्याला उभं करायचे. फळ्यावर त्यांनी तिचा आलेख आधीच काढून ठेवला होता, कुठल्या ऊर्जेला किती जोड्या टिकतात त्याचे चार बिंदू, त्यांतून चढत गेलेली रेघ. रेघ जिथे उचलते तिथे त्यांनी जाड उभी खूण केली होती: इथे बीम लावायचं, चार महिने.

"बोल," मास्तर म्हणाले.

"पहिल्या दोन बिंदूंची ऊर्जा चुकीची आहे," ती म्हणाली. "त्यांना लावलेली पत्री उलटी होती. कार्बन पुढे. मी लावली होती."

कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. शेजाऱ्याने पेन खाली ठेवलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, चष्म्यावरून. "इतक्या महिन्यांनी तुला आठवलं?"

"नाही. आठवायचं म्हटलं तर मला ती सुलटी लावल्याचंच आठवतं. अगदी स्पष्ट. आजही." तिने दोन्ही हिशेब पडद्यावर लावले, एकाशेजारी एक. "आठवणीवरून नाही सांगत. हे बघा. दोन पत्र्या, एकच घड्याळ. पहिलीला सरकवावं लागलं, दुसरीला नाही. तेव्हा मला हे दिसलं होतं आणि मी घड्याळ सरकवून गप्प बसवलं. आज मागचे तुकडे उशिरा का येतात ते विचारलं, तर सगळं जुळतं."

मास्तर उठून पडद्याजवळ गेले, अगदी जवळ, नाक लागेल इतके. पंखा फिरत होता. तिला वाटलं, आता इथून पुढे जे होईल ते होईल. आपण आपल्याजवळ होतं ते टेबलावर ठेवलंय. "हं," मास्तर म्हणाले. मग वळून त्यांनी खडू तिच्यापुढे धरला. "ये. तुझ्या हाताने सरकव."

तिने तळव्याने पहिले दोन बिंदू पुसले आणि डावीकडे, बोटभर अंतरावर, नवे काढले. रेघ पुन्हा ओढली. ती आता आधीच उचलत होती, कमी उभी. मास्तरांची जाड खूण रेघेला सोडून एकटीच उभी राहिली.

"म्हणजे त्याहून कमी ऊर्जेलाच ही चिकटून राहते," शेजारी हळूच म्हणाला. "हे तर बरंच आहे की. कमी तापलेली जोडी लवकर फुटत नाही."

"बरं आहे की वाईट ते मोजल्यावर कळेल," मास्तर म्हणाले. "दोन सरकवलेल्या बिंदूंवर मी चार महिने लावणार नाही. सोमवारी तुझी जोडी सुरू करायची," हे शेजाऱ्याला. शेजाऱ्याने मान हलवली, पण तिच्याकडे न बघता. जिंकल्याचं तोंड कसं करावं ते त्याला सुचत नव्हतं. मास्तर तिच्याकडे वळले. "हा हंगाम गेला तुझा. कळतंय ना?"

"कळतंय."

"त्याआधी, शनिवारी, दोन पाळ्या रिकाम्या आहेत. पहिले दोन बिंदू पुन्हा घे. नीट आले तर पुढच्या हंगामाचं मी बोलेन." ते फळ्याकडे वळून आपली जाड खूण पुसू लागले. खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर पडत होती. पाठमोऱ्यानेच त्यांनी विचारलं, "टार्गेट कोण लावणार?"

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. बाकीची माणसं एकदम कुठेकुठे बघायला लागली, खिडकीकडे, कागदांकडे, स्वतःच्या बोटांकडे. तिने तळहाताला लागलेला खडू झटकला.

"मीच," ती म्हणाली.